भुऱ्या आणि त्रिनिदादचं पाखरू

आमच्या मळ्यातली सकाळ मोटेच्या आवाजानं उजाडायची. बैल उताराला लागले की चाक कुरकुरायचं, आणि मोट थारोळ्यात रिती झाली की पाण्याचा असा काही धबाका व्हायचा की तो मला झोपेतही कळायचा. बाबा बैलांशी बोलत असत. शिव्याही देत, पण त्या शिव्यांत इतकी माया असे की मला बैलांचा हेवा वाटायचा. माय तोवर ओट्यावर पोतं अंथरून सांबाराच्या जुड्या बांधत बसलेली असे. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुढे लग्नानंतर पुण्याच्या एका पाहुण्यांना मी "थांबा, सांबार आणते" म्हटलं, तर ते वाटी पुढं करून बसले होते. असो. चुलीवर ज्वारीच्या भाकरीचा खमंग वास, बाजूला निखाऱ्यावर भाजत असलेलं वांगं आणि ओट्यावर ओल्या सांबाराचा वास, हे सगळं एकमेकांत मिसळलं की अमरावतीच्या त्या नाल्याकाठच्या मळ्यात दिवस उगवला असं मी समजायची. वऱ्हाड म्हणे निजामाचं, कारभार म्हणे इंग्रजाचा आणि कचेरी म्हणे नागपूरला. आम्हां पोरींना मालक एकच ठाऊक होता, तो म्हणजे मोटेवरचा बाबा.

ऊन अंगावर यायच्या आत सकिनाबी यायची. नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यात तिचं घर. नवरदेवाच्या कपाळी बांधायचे सेहरे, दर्ग्यावरच्या चादरी, गजरे असं सगळं ती फुलांचं काम करायची, आणि त्यासाठी मोगरा आणि गुलाब आमच्या मळ्यातून न्यायची. उंच, सावळी, बोटं लांब. फूल खुडताना देठाला झटका म्हणून बसू द्यायची नाही. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. तिच्यासोबत तिची पोरगी झुबेदा. झुबेदा आणि मी एका वयाच्या, एका शाळेच्या. उर्दू शाळा लांब पडते म्हणून खालानं तिला आमच्याच मराठी शाळेत घातलं होतं. घरी ती उर्दू बोले, मळ्यात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि माझ्याशी भांडताना तिन्ही.

मुंगूस आमच्याकडं आलं ते पऱ्हाट्यांच्या ढिगातून. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून जळणासाठी रचून ठेवायच्या, तसा ढीग आमच्या गोठ्यामागं होता. एका सकाळी कुत्र्यांचा कल्ला झाला. बाबा काठी घेऊन धावले तोवर मुंगशीण मेली होती. ढिगाच्या तळाशी मात्र तिचं एक पिल्लू अंगाचं बोंड करून बसलेलं. बाबांनी ते धोतराच्या सोग्यात घालून आणलं.

माय म्हणाली, "सापाचा वैरी घरात असला त बरंच हाय. पण तूप-दुधाच्या मडक्यात तोंड घातलं त पाय!" पाय म्हणजे बघ; आमच्याकडच्या धमक्या याच शब्दावर संपतात.

"लेकरू हाय ते," बाबा म्हणाले. "त्याले मडकं दिसून नाई राहिलं अजून."

कापसाच्या वातीनं दूध पाजून आम्ही ते वाढवलं. अंगावरचा एकेक केस राखाडी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा, त्यामुळं लांबून नुसता धुळीचा रंग दिसायचा. म्हणून नाव भुऱ्या. डोळे लालसर, नाक सदा ओलं आणि सदा चौकशीत. बाबांच्या पागोट्यात, मायच्या पिठाच्या डब्यात, माझ्या शाळेच्या पिशवीत, जिथं म्हणून भोक असेल तिथं त्याचं तोंड पोचलेलं. झुबेदाच्या घरी कोंबड्या होत्या. ती एकदा गंमत पाहायला ओढणीत गुंडाळून अंडं घेऊन आली. भुऱ्यानं ते हुंगलं, पुढच्या पायांनी धरलं, विहिरीच्या दगडाकडं पाठ केली आणि मागच्या दोन पायांच्या मधून असं फेकलं की ते दगडावर जाऊन फुटलं. ही विद्या त्याला कोणी शिकवली? आई तर डोळे उघडायच्या आतच गेली होती. बाबा म्हणाले, "जातीचं हाय, रक्तात लिवलेलं असते." नंतर कितीतरी दिवस तो सुपारी, लिंबू, लाकडी भवरा असं जे गोल दिसेल ते दगडावर फेकून पाहत असे.

आणि झुबेदाकडं पाखरू होतं.

तिचे अब्बा, करीमचाचा, पूर्वी लग्नांतून स्वयंपाक करत. त्यांच्या हातच्या जर्द्याची, त्या केशरी गोड भाताची, चव माझ्या जिभेवर अजून आहे. काम शोधत ते मुंबईला गेले आणि तिथून बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून लागले. एकदाच परत आले, ते हे पाखरू घेऊन. लाकडी तबकडीवर उपडी घातलेली काचेची गोल घुमटी, लहान लोट्याएवढी, आणि आत वाळक्या काटकीवर एक पाखरू. एवढंसं, माझ्या अंगठ्याहून थोडं मोठं. चोच सुईसारखी. घरातल्या अंधुक उजेडात ते मळकट तपकिरी दिसायचं. पण घुमटी दाराशी आणून जरा तिरकी केली की डोक्यावर माणकाची लाली पेटायची आणि गळ्यावर सोनं ओतल्यासारखं व्हायचं. पुन्हा सरळ केली की विझलं. करीमचाचांनी सांगितलं होतं की हे त्रिनिदाद नावाच्या बेटावरचं आहे, आपल्या मळ्यातल्या शक्करखोऱ्यासारखंच फुलातला रस पितं, पण फांदीवर न बसता, हवेत उभं राहून. ते शेवटी निघाले तेव्हा घुमटी बायकोच्या हातात देऊन म्हणाले होते, "हे घरात हाय तवर समजजो का मी घरातच हावो."

मग पावसाळे गेले. करीमचाचांची खबर नाही. अकोल्याला खालाचा भाऊ होता, कापडाचं लहानसं दुकान होतं त्याचं. तो सणासुदीला येऊन बहिणीला म्हणायचा, "चल अकोल्याले. एकटी काय करून राहिली अठी?" खालाचं उत्तर ठरलेलं. "ते आले आन दाराले कुलूप दिसलं त?" आणि रोज सकाळी, मोगऱ्याला यायच्या आधी, ती घुमटी मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं पुसायची. त्या घरात दुसरं काही इतकं स्वच्छ नव्हतं.

आमच्या मास्तरीणबाई पुण्याकडच्या. नव्या नव्याच आल्या होत्या. आमची भाषा ऐकून त्यांना आम्ही सतत भांडतोय असं वाटायचं. त्यांनी एकदा वर्गाला सांगितलं, "कोणतेही दोन प्राणी घ्या आणि त्यांची तुलना लिहा. साम्य काय, भेद काय. पण स्वतः बघून लिहायचं हं, ऐकून नाही." सगळ्या वर्गानं गाय आणि म्हैस घेतली. एकीनं फार तर शेळी. झुबेदा उभी राहिली आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "बाई, मी आन कौसल्या मिळून लिहितो. मुंगूस आन त्रिनिदादचं पाखरू."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "दोन्ही पाहिलीत तुम्ही?"

"दोन्ही घरची हायेत," झुबेदा म्हणाली.

मोगऱ्याच्या वाफ्याशी बसून आम्ही ती तुलना करायला लागलो आणि पहिल्याच दिवशी भांडलो. झुबेदा म्हणाली, "माह्यं पाखरू समुद्र पार करून आलं. तुह्या भुऱ्यानं नाला तरी पाह्यला काय?" मी म्हटलं, "भुऱ्या नागाशी लढते." ती म्हणाली, "लढताना पाह्यला काय तू?" नव्हता पाहिला. त्यानं घोरपडीचं एक पिल्लू पळवून लावलं होतं, बस. ती म्हणाली, "माह्यं पाखरू भुऱ्यापेक्षा सुंदर हाय." हे तर मलाही नाकारता येईना. शेवटी मी म्हटलं, "पण ते मेलेलं हाय, झुबी."

ती फुलं खुडता खुडता थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "मेलं नाई. थांबून राह्यलं हाय."

मी माझ्या हातातली फुलं तिच्या ओढणीत टाकली. माझ्या नातीनं गेल्या वर्षी मला मोबाइलवर तसलंच पाखरू दाखवलं, जिवंत. लाल फुलापुढं हवेत उभं, पंख दिसतच नाहीत, नुसता धूर. रस प्यालं आणि चक्क मागं मागं सरकत निघून गेलं. मी एवढ्यानं ओरडले की सून स्वयंपाकघरातून धावत आली. इतकी वर्षं ते पाखरू माझ्या मनात काटकीवर बसून होतं, आणि ते उडतं हे मी एकदाही डोळ्यांपुढं आणलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात खालाच्या घरी उंदीर फार झाले. सेहऱ्याच्या जरीचा गुंडासुद्धा कुरतडून टाकला. एका सकाळी फुलं मोजताना ती मायला म्हणाली, "तुमच्या मुंगसाले दोन दिस धाडा ना घरी. उंदरायनं जीव खाल्ला माहा."

माय म्हणाली, "न्या ना, पण कोंबड्या झाका वो बाई. तो काई तुमच्या घरचं समजून नाई राहाणार त्याईले."

दुपारी शाळा सुटल्यावर मी भुऱ्याला खांद्यावर घेऊन नाल्यापलीकडं गेले. खालानं कोंबड्या मोठ्या डालीखाली कोंडल्या होत्या आणि वर पाटा ठेवला होता. भुऱ्यानं आधी त्या डालीला पाच-सात चकरा मारल्या, मग घराचा कोपरान्‌कोपरा हुंगला आणि धान्याच्या कोठीमागं शिरला. आतून चुंई झालं, मग गडबड, आणि तो उंदीर तोंडात धरून बाहेर आला. खाला टाळ्या पिटत हसली. तिला असं हसताना मी फारदा पाहिलं नव्हतं. खुशीतच ती म्हणाली, "तुमचं ते लिवायचं काम हाय ना? बसा, पाखरू बी काढून देतो. दोघाईले पाहून लिवा." तिनं फळीवरची घुमटी काढली, पुसली, आणि दारातून ऊन येत होतं तिथं जमिनीवर, जात्याजवळ ठेवली.

पाखरू पेटलं. झुबेदा आणि मी पाट्या घेऊन पालथ्या पडलो. उंदीर संपवून भुऱ्या तोंड पुसत आला. आम्हांला वाटलं, तो आमच्याजवळ येतोय. तो घुमटीजवळ गेला. काचेवर नाक टेकवलं. काचेवर त्याच्या श्वासाचा एक पांढरा ठिपका उठला, एवढं मला दिसलं, आणि पुढचं इतक्या झपाट्यात झालं की हात पुढं करायलाही सवड मिळाली नाही. त्यानं पंजानं घुमटी आडवी केली, दोन्ही पायांत धरली, जात्याकडं पाठ फिरवली आणि मागं फेकली.

काच फुटल्याचा आवाज ऐकला की अजून माझे खांदे आखडतात.

भुऱ्या पाखरू घेऊन खाटेखाली गेला. झुबेदा ओरडत त्याच्यामागं. खाला होती तिथंच उभी. खाटेखालून पिसं यायला लागली. एक लाल, एक सोनेरी, मग तार, मग पांढरं काही तरी. झुबेदानं ते ओढून काढलं आणि हातात धरून आमच्याकडं बघत राहिली. कापूस होता. आपल्याकडं पाटीभर कापूस उगाच वाऱ्यावर उडत असतो, तसलाच, जरा पिवळा पडलेला.

खाला काचांवरून अनवाणी चालत आली. तो कापूस घेतला, बोटांनी उकलला, आणि ती हसायला लागली. "कापूस!" ती म्हणाली. "सात समुद्रापलीकडून आणला आन पोटात काय, त कापूस!" हसता हसता ती खाली बसली आणि मग तिचं हसू कधी रडू झालं ते आम्हांला कळलंच नाही. झुबेदानं आईला इतक्या मोठ्यानं रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. मी धावत मायला बोलवायला निघाले तोच खाटेखालून विचित्र आवाज आला.

भुऱ्या कोलमडत बाहेर आला. तोंडाला फेस, पाय लटपटत होते. दोन पावलं टाकून तो आडवा झाला आणि अंग ताठ करू लागला. माझा धाकटा मुलगा डॉक्टर झाला, त्यानं पुष्कळ वर्षांनी मला सांगितलं की असली पाखरं पेंढा भरून टिकवताना कातड्याला आतून सोमल नावाचं विष चोळत. तेव्हा आम्हांला कुठलं ठाऊक! मला वाटलं पाखराचा शाप लागला.

मी भुऱ्यावर हात ठेवून रडायला लागले. आणि खाला उठली. डोळे पुसले नाहीत, काही नाही. तशीच ओल्या गालांनी तिनं त्याला उचललं, मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "झुबी, अंडं आण. पिवळं काढून नुसतं पांढरं दे. कौशे, तू दूध." अंड्यातलं पांढरं दुधात फेटून, बोटानं त्याचा जबडा उघडून ती थेंब थेंब आत सोडायची. तो ओकायचा. ती ओच्यानं पुसायची आणि पुन्हा सोडायची. दोनदा त्यानं तिला चावा घेतला, अंगठ्यातून रक्त आलं, तिनं हात मागं घेतला नाही.

शेजारच्या पोरानं जाऊन सांगितलं तशी माय आली, तिनं काचा पाहिल्या, पिसं पाहिली, आणि दारातच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. "सकिनाबी, काय वं झालं हे? आमच्या जनावरानं..."

"तुमच्या जनावराले मीच बोलावलं," खाला मान वर न करता म्हणाली. "आन ते ठेवलं बी म्याच तठी. त्यानं त्याचं काम केलं." दुधाचा आणखी एक थेंब सोडत ती म्हणाली, "ते पाखरू त आधीच मेलं होतं, बाई. हे जितं हाय. याले नाई जाऊ देत मी."

दिवेलागणीपर्यंत ती तशीच बसली होती. तोवर बाबाही येऊन ओट्यावर टेकले होते. मशिदीतून अजान झाली. कोणीतरी कंदील लावला. भुऱ्यानं मोठा श्वास घेतला, डोळे उघडले, आणि पहिलं काय केलं असेल तर खालाच्या बाहीत नाक खुपसलं. माझ्या तोंडून हुंदका निघाला. बाबा बाहेरूनच म्हणाले, "चवकशी सुरू झाली ना? मंग वाचला."

मायनं आमच्याकडून भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा मागवला. खालाच्या घरी आम्ही सगळे एकत्र असे कधी जेवलो नव्हतो. येणं-जाणं होतं, डबे जात-येत, पण एका घरात बसून घास मोडणं वेगळं. त्या दिवशी सगळे बसले. खालानं भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि झुबेदाकडं पाहिलं.

"झुबी," ती म्हणाली, "तुहे अब्बा आता नाई येत."

तोवर तिच्या तोंडी "आज ना उद्या" याशिवाय दुसरं काही मी ऐकलं नव्हतं. झुबेदानं विचारलं, "कोणी सांगतलं?"

"कोणीच नाई. कोणी सांगल म्हणून त बसलो होतो मी." मग तिनं तो घास तोंडात घातला. ठेचा तिखट होता. डोळ्यांत पाणी आलं तरी ती खात राहिली, आणि मायनं न विचारता तिच्या ताटात अजून एक भाकर टाकली.

तुलना आम्ही लिहिली. म्हणजे झुबेदा सांगत गेली, मी लिहीत गेले, कारण माझं अक्षर बरं होतं. भेद भरपूर झाले. साम्याच्या जागी आम्ही अडलो. बाईंनी वर्गात वाचायला उभं केलं तेव्हा ती जागा रिकामीच होती. बाई म्हणाल्या, "आणि साम्य? एकही नाही?"

झुबेदा म्हणाली, "आहे, बाई. दोघंही आमच्या आईच्या मांडीवर होती. एकाला ती पुसत होती आणि एकाला तिनं वाचवलं."

वर्गातली कोणी तरी फिसकन हसली. बाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं जीभ चावली. मग आमची वही घेऊन त्या म्हणाल्या, "हे लिहा इथं. तुमच्या बोलीत लिहिलंत तरी चालेल."

उन्हाळ्यात खालाचा भाऊ आला आणि या खेपेस त्याला काही म्हणावंच लागलं नाही. सामान बांधून तयार होतं. घराची किल्ली तिनं शेजारी दिली, "कोणी विचारत आलं त अकोल्याचा पत्ता सांगजा" एवढं म्हणाली आणि मागं वळून पाहिलं नाही. आम्ही बाबांच्या बैलगाडीतून त्यांना बदनेऱ्याला पोचवायला गेलो. फलाटावर ऊन मी म्हणत होतं. मायनं फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या बांधून दिल्या होत्या. त्या अकोल्यापर्यंत टिकणार नाहीत हे दोघींनाही माहीत होतं, तरी एकीनं दिल्या आणि दुसरीनं घेतल्या. झुबेदा खिडकीशी जाऊन बसली. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडली, "कौशे, सुट्टीत येजो! आली नाई त पाय!"

मी सुट्टीत गेले. पुढच्या सुट्टीतही गेले. खालानं भावाच्या दुकानामागं शिलाईचं यंत्र मांडलं होतं, मी गेले की माझं एक परकर-पोलकं ठरलेलं असे. झुबेदा पुढं तिथंच दवाखान्यात नर्स झाली. करीमचाचा आले नाहीत. योगायोग असा की मला अकोल्याचंच स्थळ आलं. बोलणी ठरली तशी माय हसत बाबांना म्हणाली, "पोरीले नवं काई नाई त्या गावात. अर्धं माहेर त आधीच जाऊन बसलं हाय तठी." आणि खरंच, लग्नासाठी आमचं वऱ्हाड अकोल्याच्या स्टेशनावर उतरलं तेव्हा सासरच्या माणसांच्या आधी मला दोन चेहरे दिसले. सकिनाखालाच्या हातात सेहरा होता, तिनं स्वतः गुंफलेला, आणि गर्दीतून वाट काढत झुबेदा ओरडत होती, "सरका, सरका! आमची पोरगी हाय ते!"